सीताराम सुभेदाराची साक्ष

कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत एका अवधी ब्राह्मणाने १८१२ ते १८६० अशी ४८ वर्षे चाकरी केली. नेपाळपासून काबूलपर्यंत लढाया केल्या, जखमा सोसल्या, गुलामी भोगली आणि म्हातारपणी आपली हकीकत लिहून काढली. सीताराम पांडे हे त्याचे नाव, तिलोई हे गाव. बंगाल फौजेतला अधिकारी जेम्स नॉरगेट याने त्या हकीकतीचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८७३ साली लाहोरला पुस्तकरूपाने छापले गेले. ‘फ्रॉम सिपॉय टु सुभेदार’ हे त्याचे नाव. मूळ हिंदी हस्तलिखित मात्र कधीच कोणाच्या हाती लागले नाही. आज जो सीताराम आपल्याशी बोलतो, तो नॉरगेटच्या इंग्रजीतून बोलतो.

पुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या परीक्षक मंडळाचा चिटणीस डी. सी. फिलट याने या इंग्रजी पुस्तकाचे उर्दू भाषांतर ‘ख्वाब-ओ-खयाल’ या नावाने सिद्ध केले. ते कशासाठी? तर हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषेची परीक्षा देता यावी म्हणून. अवधच्या शिपायाच्या आठवणी साहेबाच्या भाषेत गेल्या आणि साहेबाला शिकवण्यासाठी पुन्हा देशी भाषेत आल्या. तरी आल्या त्या दरबारी उर्दूत, सीतारामच्या घरच्या बोलीत नव्हेत. त्या बोलीत त्यांना आणण्याचे काम मधुकर उपाध्याय यांनी केले, तेही विसावे शतक संपता संपता. हे सारे उपद्व्याप पाहिले की, ज्याच्या हस्तलिखितापासून याची सुरुवात झाली तो माणूस खरोखर होता का, हा प्रश्न पडतोच.

तो अनेकांना पडला. ‘मुंबई फौजेचा इतिहास’ लिहिणाऱ्या सर पॅट्रिक कॅडेल यांनी १९५९ साली शंका जाहीरपणे मांडल्या. पलटणींचे हिशेब जुळत नाहीत, एकच माणूस इतक्या लढायांत कसा सापडतो, असे आक्षेप आले. उलट १९७० साली नवी आवृत्ती काढणारे जेम्स लंट स्वतः सेनाधिकारी होते; त्यांचा कल सीतारामला खरा मानण्याकडे होता. हा वाद ‘अस्सल की बनावट’ अशा दोनच खणांत कोंबला गेला, हे मला पटत नाही. आपण बखरी वाचणारे लोक. भाऊसाहेबांची बखर वाचताना आपण तिला अस्सल पत्राच्या पंक्तीला बसवत नाही आणि केरातही टाकत नाही. कोणते वाक्य कोणाच्या सोयीचे आहे, हे पाहत पुढे जातो. सीताराम असाच वाचला पाहिजे.

तो फौजेत का गेला, तिथपासूनच पाहू. मामा जमादार. रजेवर गावी आला तो गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ, अंगात लाल डगला आणि कनवटीला मोहरा घेऊन. पोराचे डोळे दिपले. आईला हे पसंत नव्हते. वडिलांनी मात्र होकार दिला, आणि त्यांचे कारण शौर्याचे नव्हते की राजनिष्ठेचे नव्हते. कोणे चारशे आंब्यांच्या आमराईच्या हक्कावरून त्यांचा दावा चालू होता. अवधचा रहिवासी असलेल्या कंपनीच्या शिपायाला तेव्हा एक सवलत होती. त्याचा अर्ज पलटणीच्या साहेबामार्फत लखनौच्या रेसिडेंटकडे जाई आणि रेसिडेंटचे वजन पडले की नवाबाचे अंमलदार कागद हलवत. घरातला एक मुलगा फौजेत असणे म्हणजे दरबारात एक वकील असणे. पगार सात रुपये, पण त्या लाल डगल्यामागे गावच्या भाऊबंदकीत जी पत मिळे, तिचे मोल सात रुपयांत होत नव्हते. ही आमराई वाचकाने लक्षात ठेवावी. १८५७ पर्यंत ती आपल्याला पुरणार आहे.

लहानपणी त्याने ऐकले होते की, विलायती लोक झाडाला लागणाऱ्या अंड्यांतून जन्मतात. गावात कोणी मडम पाहिलेली नव्हती. मग यांना आया कुठून असणार? हे वाचताना हसू येते, आणि हे नॉरगेटने रचले असेल असे वाटत नाही. साहेबाला हसू आणायचे तर खेडूत आजही भूतखेताची गोष्ट सांगेल. ही कल्पना मात्र खेड्याच्या स्वतःच्या तर्काने चालते.

पहिली मोहीम नेपाळची. १८१४ च्या ऑक्टोबरात डेहराडूनजवळच्या कलुंगा किल्ल्यापुढे जनरल जिलेस्पी पडला, आणि मूठभर गुरख्यांनी कंपनीच्या तोफखान्याला महिनाभर खोळंबून ठेवले. मैदानातल्या शिपायांनी डोंगरी थंडी आणि खुकरी दोन्ही पहिल्यांदा पाहिल्या. त्यानंतरची पेंढाऱ्यांची मोहीम आपल्याला जवळची, कारण तिचे दुसरे टोक इकडे होते: खडकी, कोरेगाव, आष्टी आणि पेशवाईचा शेवट. सीतारामच्या हकीकतीत पेशव्यांचे राजकारण जवळपास नाही. शिपायाला युद्ध दिसते ते समोरच्या झुडपापर्यंत. त्या मोहिमेत तो जखमी होऊन रानात पडला आणि तहानेने जीव जायची वेळ आली. गुरे राखणारी एक मुलगी तिथे आली. तिच्या हातचे पाणी ब्राह्मणाला वर्ज्य होते. तो प्यायला आणि जगला.

पुढे याचा बभ्रा झाला आणि ब्राह्मणांनी त्याला जातीबाहेर काढले. परत घ्यायचे तर प्रायश्चित्त आणि जेवणावळी, म्हणजे पैसा. शत्रूच्या गोळीने झालेली जखम एका ऋतूत भरली. ही दुसरी भरायला साठवलेला पगार गेला. लढाईच्या वर्णनात जो माणूस दोन ओळींत आवरतो, तो इथे रेंगाळतो, चिडतो, हिशेब मांडतो. माझ्या मते पुस्तकाचा खरा कणा इथे आहे.

बंगाल फौजेत भरती मुख्यतः अवध आणि बिहारमधल्या ब्राह्मण-रजपुतांची. त्यामुळे पलटण ही वर्दी घातलेली पंगतच होती. आपल्याकडच्या मुंबई फौजेची गोष्ट निराळी. तिच्यात मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल आणि परदेशी म्हणून ओळखले जाणारे अवधी ब्राह्मणसुद्धा एकाच रांगेत उभे राहत. बंगालमध्ये सोवळ्यासाठी अडून बसणाऱ्यांचे भाऊबंद इकडे महार सुभेदाराचा हुकूम मानत. इंग्रज अधिकाऱ्यांना याचे नवल वाटे. एकाला फौजेत जाऊन जात गमवावी लागली. आणि त्याच शतकाच्या अखेरीस दुसऱ्यांना जातीमुळे फौज गमवावी लागली. महारांची भरती बंद झाली तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला जे विनंतीपत्र लिहिले, तेही शिपाईगिरीचीच साक्ष देते. सीतारामच्या पुस्तकाशेजारी ते ठेवून वाचावे असे मी सुचवीन.

भरतपूरचे प्रकरण थोडक्यात. १८०५ साली यशवंतराव होळकर या किल्ल्याच्या आश्रयाला असताना लॉर्ड लेकने चार हल्ले केले आणि चारही फसले. तीन हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. तेव्हापासून भरतपूर हे कंपनीच्या शिपायाच्या मनातले शल्य होते. मगरीने खंदकातले पाणी प्यायल्याखेरीज किल्ला पडणार नाही अशी वदंता होती. १८ जानेवारी १८२६ रोजी तो सर केला कोंबरमियर नावाच्या सेनापतीने, आणि छावणीतल्या लोकांनी लगेच ‘कुंभीर’ म्हणजे मगर असा अर्थ लावून भविष्य खरे करून टाकले.

आता अफगाणिस्तान. १८३८ च्या अखेरीस शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवायला फौज निघाली. बंगालचा स्तंभ फिरोजपूरकडून आणि मुंबईचा सिंधमार्गे; त्यात पुण्याचे घोडदळही होते. सिंधू ओलांडणे हाच मुळी ब्राह्मण शिपायाला धर्मसंकट. त्यात बोलन घाटात पाणी नाही, दाणा नाही, उंट मरून पडताहेत. २३ जुलै १८३९ च्या पहाटे गझनीचा काबूल दरवाजा दारूच्या पोत्यांनी उडवला गेला आणि विजय झाला. सीताराम पुढे शाह शुजासाठी उभारलेल्या फौजेत गेला आणि काबूलच्या आपत्तीत सापडला.

या आपत्तीची इंग्रजांनी सांगितलेली गोष्ट जगाला पाठ आहे. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले, आणि १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन एकटा मरणोन्मुख घोड्यावर पोचला. लेडी बटलरने पुढे त्याचे चित्र काढले आणि ‘एकच माणूस वाचला’ ही समजूत पक्की झाली. ब्रायडन हा शुजाच्याच फौजेतला डॉक्टर, म्हणजे सीतारामचा एका अर्थी सोबती. पण वाचला तो एकटा नव्हता. बायकामुलांसह काही गोरे ओलीस राहिले होते, ते सुटले. आणि देशी शिपाई? हिमदंशाने बोटे झडलेले कितीतरी शिपाई काबूलच्या रस्त्यांवर भीक मागताना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोलॉकच्या फौजेला आढळले. कितीएक पकडले जाऊन विकले गेले. गोऱ्या माणसाच्या घोड्याची कहाणी झाली आणि काळ्या माणसांची नुसती वजाबाकी.

सीताराम त्या विकल्या गेलेल्यांपैकी. काबूलच्या बाजारात त्याची किंमत ठरली, मालक मिळाला, धर्म बदलण्याचा धाक मिळाला. अखेर पैशाच्या वायद्यावर एका व्यापाऱ्याच्या मदतीने तो वेषांतर करून निसटला आणि फिरोजपूरला पोचला. सरकारच्या दारात पोचल्यावरही वायद्याच्या रकमेची घासाघीस त्याला चुकली नाही. गावी गेला तर पुन्हा तोच प्रश्न: मुसलमानाच्या घरी इतके दिवस राहिलेला माणूस ब्राह्मण कसा? पुन्हा प्रायश्चित्त, पुन्हा खर्च. कंपनीसाठी तो दोनदा मरता मरता वाचला, आणि दोन्ही वेळा जगल्याचा दंड त्याने स्वतःच्या खिशातून भरला. या दंडाची भरपाई करणारा भत्ता कोणत्याही नियमावलीत नव्हता.

शिखांशी झालेल्या लढायांबद्दल तो मोकळेपणाने भीती कबूल करतो. १८४५ च्या डिसेंबरात फिरोजशहाच्या रणांगणावर गारठलेल्या रात्री सरकारची फौज हरल्यातच जमा होती, हे इंग्रज इतिहासकारांनीही लपवलेले नाही. पण शिपायाच्या तोंडी ते आले की वेगळे लागते, कारण ज्या सरकारच्या ‘इक्बाला’वर त्याने आयुष्य पणाला लावले, तो इक्बाल संपला की काय, ही शंका त्याला त्या रात्री शिवली होती.

आता संशयाच्या जागांकडे वळतो. पुस्तकात काही ठिकाणी सीताराम सरकारला सल्ला देतो. फटक्यांची शिक्षा बंद केल्याने शिस्त बिघडली, म्हणतो. बेंटिंकने ती १८३५ साली बंद केली होती. सरकार फार दयाळू आहे आणि हिंदी माणसाला दया ही दुबळेपणाची खूण वाटते, असेही म्हणतो. बंडानंतरच्या इंग्रजी क्लबात संध्याकाळी जे बोलले जाई, त्याचाच हा वास आहे. ही वाक्ये मी सीतारामच्या खात्यावर मांडायला तयार नाही. मांडायचीच झाली तर पेन्शनर म्हाताऱ्याने साहेबाला रुचेल ते लिहिले, इतकेच म्हणेन.

पण सगळ्या तक्रारी अशा नाहीत. जुने साहेब शिपायांत मिसळत, नाचगाण्याला आणि कुस्त्यांना येत, घरी देशी बायका ठेवत म्हणून भाषा जाणत. मग पाद्री आले, मडमा आल्या आणि साहेब दूर गेले, असे तो सांगतो. हे नॉरगेटच्या पिढीवरचे आरोपपत्र आहे. भाषांतरकाराने स्वतःविरुद्धचा पुरावा कशाला रचावा? तिसरी तक्रार तर दोघांच्या सामाईक मालकीची दिसते. बंगाल फौजेत बढती केवळ ज्येष्ठतेने मिळे. त्यामुळे शिपाई जमादार होईपर्यंत केस पिकत आणि सुभेदार होईपर्यंत दात पडत. इंग्रज सुधारक हे बंडाचे एक कारण म्हणून सांगत होतेच. सीताराम मात्र ते स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगतो: साठी उलटल्यावर सुभेदार झालो, कवायतीत मागे पडलो आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. मत साहेबाचे असू शकते. गुडघे त्याचे.

हे वेगळे करता येते असे मी म्हणतो त्याला आपल्या घरचा आधार आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झांशीच्या वेढ्यात सापडले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ती हकीकत मोडीत लिहिली. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला, पण भाषेला वळण देऊन, काही गाळून, काही बदलून. मूळ बाड शाबूत होते म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली ते जसेच्या तसे प्रसिद्ध करता आले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की संपादकाचा हात कुठे फिरतो ते कळते. तो भाषेवर फिरतो, लाजिरवाण्या तपशिलांवर फिरतो, राजकीय मतांवर फिरतो. तहान, लपण्याची जागा, लुटीत काय गेले, हे सहसा तसेच राहते. सीतारामच्या नशिबी पोतदार आले नाहीत, कारण बाडच उरले नाही. तरी वैद्यांकडे पाहून नॉरगेटचा अंदाज बांधता येतो.

१८५६ साली कंपनीने अवध खालसा केले. इतिहासाच्या पुस्तकात हे ‘डलहौसीचे धोरण’ म्हणून येते. तिलोईसारख्या गावात त्याचा अर्थ असा की, लखनौचा रेसिडेंट उरला नाही, त्याच्यामार्फत जाणारा शिपायाचा अर्ज उरला नाही, आणि आमराईच्या दाव्यात कंपनीचा शिपाई आता इतर कोणाही रयतेइतकाच मोठा झाला. काडतुसांच्या चरबीवर जितकी शाई खर्च झाली, तिच्या दशांशही या अर्जावर झालेली नाही. बंगाल फौजेतल्या हजारो घरांनी एकेक मुलगा ज्या सौद्याने दिला होता, तो सौदा एका जाहीरनाम्याने मोडला. बंड भडकले तेव्हा सीताराम रजेवर गावी होता. बंडवाल्यांनी त्याला पकडून नेले. सरकारी स्वारांनी सोडवले. मग तो पंजाबी पलटणीबरोबर लखनौच्या लढाईत उतरला.

तिथे एका बंदिस्त इमारतीत पुष्कळ बंडवाले शिपाई हाती लागले. सर्वांना गोळ्या घालण्याचा हुकूम झाला आणि एका खेपेला गोळीबाराची तुकडी सीतारामच्या हाताखाली आली. त्याने कैद्यांना नावे आणि पलटणी विचारल्या. पाच-सहा झाल्यावर एकाने जी पलटण सांगितली, ती त्याच्या मुलाची. कित्येक दिवस पत्र नव्हते; मुलगा सिंधच्या तापाने गेला असावा असे बापाने मनाशी धरले होते. म्हणून त्याने सहज विचारले, तुमच्यात अनंतीराम नावाचा कोणी होता का? कैदी म्हणाला, ते माझेच नाव. तरीही उजेड पडेना. अनंतीराम काय, पुष्कळ असतात. गाव विचारले. तिलोई.

सीताराम मेजरसाहेबाकडे गेला आणि एवढेच मागितले की, या कामातून मला मोकळे करा. प्राणाची भीक मागितली नाही. साहेबाला आधी ही सबब वाटली. मग कैद्याला विचारून खात्री झाली आणि त्याला मोकळे केले गेले. तंबूत बसून त्याने बार ऐकले.

हा प्रसंग नाटकी आहे, छावण्यांतून असल्या कथा फिरत असत, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला समजते. पण राजनिष्ठेचा धडा रचायचा असता तर बापाने स्वतः हुकूम दिला असता. करुणकथा रचायची असती तर त्याने पाय धरले असते आणि साहेबाने तरी क्षमा केली असती, नाहीतर क्रूरपणे नाकारली असती. इथे तिन्ही नाही. एक म्हातारा कामातून सुटका मागतो आणि मिळवतो, बस. माफी मागायला तो का धजला नाही? इतक्या वर्षांच्या चाकरीत त्याला एवढे नक्की कळले होते की, त्या दिवसांत लखनौत शिपायाच्या अर्जाला काय किंमत आहे.

पुस्तकात मुलासाठी ‘वाट चुकलेला’ अशा अर्थाचे विशेषण आहे. ते नॉरगेटचे, की पेन्शन जाईल म्हणून धास्तावलेल्या सीतारामचे, की नुसते बापाचे? मूळ बाड असते तर एका शब्दावरून निवाडा झाला असता. मला ते बापाचे वाटते. अवधीत काय किंवा मराठीत काय, मेलेल्या मुलाला कोणी बंडखोर म्हणत नाही.

मेजरने मुलाची उत्तरक्रिया करू दिली. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत ती एकाचीच झाली. बाकीची प्रेते कोल्ह्यागिधाडांपुढे टाकली गेली, असे सीताराम नोंदवतो. अनंतीरामच्या आधी ज्या पाच-सहांना त्याने नाव विचारले होते, त्यांनीही आपापली नावे आणि पलटणी सांगितल्या होत्या. त्या नावांपैकी एकही पुस्तकात आलेले नाही.